कॉपीराइट काढलात का?

नवं पुस्तक आलं की हा प्रश्न ठरलेलाच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, तो काढावा लागतच नाही. लिहून झालं की हक्क लेखकाचा. नोंदणी ऐच्छिक आहे. वाद कोर्टात गेला तर पुरावा म्हणून कामी येते. (नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मात्र हक्क सहसा मालकाचा.) मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं, करारावर सही करताना तो हक्क कुणाला देऊन बसलात?

हे दुखणं जुनं आहे. १६६७ साली लंडनमध्ये कवी मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य मुद्रक सॅम्युअल सिमन्सला दिलं ते रोख ५ पौंडांवर. १३०० प्रती खपल्यावर आणखी ५. मिल्टन गेल्यावर त्याच्या बायकोने उरलेसुरले हक्क ८ पौंडांत सोडले. तेव्हा पुस्तक ज्या मुद्रकाच्या किंवा विक्रेत्याच्या नावावर त्यांच्या संघाच्या वहीत चढे, त्याचंच असे. १६९५ मध्ये ही मक्तेदारी राखणारा कायदा संपला, तसे विक्रेते पार्लमेंटच्या दारात गेले आणि लेखकांच्या बायकामुलांचे हाल सांगू लागले. काळजी अर्थात स्वतःच्या गल्ल्याची! त्यातून १७१० चा कायदा आला: नव्या पुस्तकाचा हक्क लेखकाला, १४ वर्षं, तोवर तो हयात असेल तर आणखी १४. लेखक कागदोपत्री मालक झाला, आणि विक्रेते ती मालकी एकरकमी विकत घेत राहिले.

पुढे मुदत वाढतच गेली. आपल्या १९५७ च्या कायद्यात ती मृत्यूनंतर ५० वर्षं होती. टागोरांच्या लेखनावरचा हक्क संपत आला म्हणून १९९२ मध्ये ६० केली. वारसांना बरं झालं. पण लिहून घर चालवणाऱ्याला मेल्यानंतरची दहा वर्षं काय कामाची? त्याला या आवृत्तीची रॉयल्टी वेळेवर हवी.

त्याच्या कामाचं आहे ते याच कायद्याचं कलम १९. हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. प्रकाशकाने घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर तो परत येतो. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. गोम इथेच आहे. छापील मसुद्यात बऱ्याचदा ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ असं असतं. नोंदणीच्या फॉर्मामागे धावण्याआधी ती ओळ खोडायला सांगा. अनुवाद, ई-बुक, ऑडिओबुक, चित्रपट यांचं वेगवेगळं ठरवा, आणि सही केलेली प्रत घरी घेऊन या.