चाळीस अन् तीस, पण सत्तर नाही

पोळा झाला अन् काका बांधावरूनच ओरडले, सत्तर टक्के पराटी (कपाशी) गेली रे! मी म्हटलं थांबा, आधी हिशोब तर पाहू. त्यांनी १०० झाडं मोजली होती, ४० वर डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळीनं मिटून राहिलेलं फूल, ३० वर तुडतुडे म्हणजे रस शोषणारे बारके किडे, पानाच्या कडा लाल होऊन खाली वळलेल्या. चाळीस अन् तीस सत्तर, झालं काकांचं गणित. पण दोन्ही किडी असलेली झाडं १८ होती अन् ती दोनदा मोजली गेली, एकदा अळीत, एकदा तुडतुड्यात. ती एकदा वजा करायची, ४० + ३० − १८ = ५२. म्हणजे डोळे मिटून झाड धरलं तर त्यावर काही ना काही असण्याची शक्यता ०.५२, अन् ४८ झाडं ठणठणीत. काका म्हणे, "मंग शाळेत गुणाकार काहून शिकवते?"

प्रश्न बरोबर होता बरं का. ०.४ गुणिले ०.३ म्हणजे ०.१२, पण हे तेव्हाच चालते जेव्हा एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसते. तसं असतं तर दोन्हीवाली १२ च्या आसपास निघाली असती, इथं १८. मला तर नाल्याकडच्या तासांवर (ओळींवर) डाउट आहे, तिथं काकांनी युरिया जरा जास्तच फेकला होता अन् नत्र जास्त झालं की तुडतुडेही वाढते अन् अळीही. अर्थात १०० झाडांवरून पक्कं काही सांगता येत नाही, थोडा फरक नशिबानंही पडते.

काका काही बोलले नाही, बिडी पेटवली अन् नाल्याकडं पाहत बसले.