बिथॉर्नच्या पार्किंगमधली रात्र

१८ एप्रिल २०१८. सकाळी दहाच्या आधीच कॅरिबियन समुद्रातल्या अख्ख्या पोर्तो रिको बेटाची वीज गेली. मारिया वादळात पडलेला एक टॉवर उचलताना पोकलेनचा धक्का मुख्य वाहिनीला बसला आणि एकामागून एक सगळं ट्रिप होत गेलं. मी तेव्हा सान हुआनमध्ये जनरेटरच्या कामावर होतो. मूळचा इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या शेडमध्ये, भारनियमनाच्या दिवसांत डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, सांभाळतच मी हे काम शिकलो. पण साडेतीन हजार चौरस मैलांचं बेट एका झटक्यात बंद पडलेलं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी फोन आला. संध्याकाळी हिराम बिथॉर्न स्टेडियममध्ये क्लीव्हलंड आणि मिनेसोटाचा बेसबॉलचा सामना ठरलेला होता, मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेचा. सामना रद्द करायचा नाही, मैदान आणि पार्किंग जनरेटरवर चालवायचं, असं ठरलं होतं. मैदानाचे दिवे दुसऱ्या टोळीकडे होते. माझ्याकडे आला पार्किंगचा एक कोपरा आणि बाहेर पडायच्या वाटा.

मनातून मला ते पटलं नव्हतं. वादळाला सात महिने होत आले होते, तरी डोंगरातल्या कितीतरी घरांत वीज पोचली नव्हती. अशा वेळी डिझेल खेळावर जाळायचं? केबल ओढता ओढता हे माझ्या जोडीदाराला बोलून दाखवलं. तो साठीला टेकलेला स्थानिक वायरमन. मला 'मिहो' म्हणायचा, म्हणजे लेकरा. हातातली केबल त्याने खाली ठेवली आणि पायाखालच्या डांबराकडे बोट दाखवलं. "इथे, याच जागेवर, मी खोकी उचललीत. बारा-तेरा वर्षांचा होतो."

डिसेंबर १९७२. निकाराग्वातलं मानाग्वा शहर भूकंपात कोसळलं होतं. मेजर लीगमध्ये तीन हजार हिट (यशस्वी फटके) पूर्ण केलेला रॉबर्टो क्लेमेंते, या बेटाचा लाडका खेळाडू, मदतीसाठी उभा राहिला. लोक बिथॉर्नवर कपडे, औषधं, डब्यातलं अन्न आणून द्यायचे. हा पोरगा आईबरोबर यायचा. "क्लेमेंते स्वतः उन्हात उभा असायचा," एवढंच म्हणून म्हातारा थांबला. पुढचं मला ठाऊक होतं. ३१ डिसेंबरच्या रात्री ती मदत घेऊन निघालेलं विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात पडलं आणि क्लेमेंतेचा मृतदेह कधीच मिळाला नाही. शेजारच्या बंदिस्त क्रीडागृहाला आज त्याचंच नाव आहे. मारियानंतर शहराचं मदतकेंद्र तिथेच होतं.

संध्याकाळ होईपर्यंत तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. स्टेडियम १९६२ चं. नाव हिराम बिथॉर्नचं. तिथले लोक 'इराम' म्हणतात. १९४२ मध्ये शिकागो कब्सकडून खेळलेला तो मेजर लीगमधला पहिला पोर्तोरिकन. पुढच्या वर्षी त्याने १८ सामने जिंकून दिले. नंतर मेक्सिकोत पोलिसाच्या गोळीने गेला, पस्तिशीत. त्याच्या नावाच्या या मैदानावर हिवाळ्यात सांतुर्से आणि सान हुआन या एकाच शहरातल्या दोन संघांची झुंज लागायची. घरात नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे.

आणि मैदान फक्त बेसबॉलचं कधीच नव्हतं. ६ मार्च १९७६ ला इथे विल्फ्रेड बेनितेस मुष्टियुद्धात पंधरा फेऱ्या लढून जगज्जेता झाला, वय सतरा. "माझ्याहून वर्षाने मोठा," म्हातारा म्हणाला, "पुढचा महिनाभर गल्लीतलं प्रत्येक पोरगं मुठी वळूनच चालत होतं." २००३ मध्ये मॉन्ट्रियलच्या एक्स्पोज संघाला स्वतःच्या शहरात प्रेक्षक मिळेनात, म्हणून त्यांचे २२ 'घरचे' सामने इथे झाले, पुढच्या वर्षीही ते आले. त्यांच्यासाठी केबल टाकणाऱ्यांत हा होता. संघ कायमचा इथेच येईल अशी आशा होती. तो गेला वॉशिंग्टनला. ते सांगताना त्याचा आवाज बदलला.

सातच्या सुमाराला सामना सुरू झाला. बाहेरच्या रस्त्यांवर सिग्नल बंद, इमारती काळ्याठिक्कर आणि मध्ये एवढंच लखलखतं वर्तुळ. आदल्या रात्री क्लीव्हलंडच्या लिंडोरने, जो इथल्याच कागुआसचा, होमरन (मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला तेव्हा स्टेडियम हादरलं होतं म्हणे. आज मिनेसोटाकडून बेरिओस चेंडू टाकत होता, शेजारच्याच बायामोनचा. म्हणजे दोन्हीकडे आपलीच पोरं. म्हातारा रेडिओ जनरेटरच्या हूडवर ठेवून दोघांसाठीही टाळ्या वाजवत होता. बेरिओसने सात इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. समोरच्यांनीही दिली नाही. नेहमीच्या नऊ इनिंग संपल्या, शून्य-शून्य. निकाल लागेपर्यंत खेळ चालूच. दहावी, अकरावी, बारावी.

माझी काळजी निराळी होती. डिझेलचा हिशेब मी नऊ इनिंगचा धरला होता. थोडं जास्तीचं होतं, पण ते पिंपाच्या तळाचं. वादळापासून बेटावर मिळेल त्या भांड्यात डिझेल साठवलेलं, त्यात समुद्राची दमट हवा. नाइलाजाने तेच ओतलं.

चौदाव्या इनिंगला इंजिनाचा सूर बदलला. आपल्याकडे पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी सेट मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर चालतो, तिथे साठ हर्ट्झसाठी अठराशेवर. माझ्या कानाला तो सूर आधीच परका, पण चढउतार कानाला कळतोच. मीटरवर साठाचे एकोणसाठ, मग साडेअठ्ठावन्न, परत साठ. इंजिन धापा टाकत होतं. टॉर्च मारून डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरची काचेची वाटी पाहिली: वर डिझेल, खाली बोटभर पाण्याचा थर, मध्ये केसासारखी रेघ. सेट बंद करून चालणारच नव्हतं. खांबांवरचे दिवे मेटल हॅलाइडचे; एकदा विझले की थंड होऊन परत पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतात. तेवढ्यात आत सामना संपला असता तर लेकराबाळांसकट हजारो माणसं काळोखात गाड्या शोधत फिरली असती.

फिल्टर जोडीचा होता, हे नशीब. म्हाताऱ्याने टॉर्च धरली, मी तरफ हळूहळू दुसऱ्या फिल्टरवर वळवली. इंजिन एकदा अडखळलं. दिवे पिवळसर झाले. माझा श्वास छातीतच अडकला. मग सूर सरळ झाला. वाटीच्या तळाची चावी सोडली, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याच वेळी रेडिओवर कळलं, एन्कार्नासिओनचा होमरन, क्लीव्हलंड पुढे. मी तुंबलेला फिल्टर बदलून घट्ट करेपर्यंत मिगेल सानोने बरोबरी केली. आतून जी गर्जना आली ती मला जाळीवर टेकलेल्या हातातून जाणवली.

"अजून किती वेळ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एक तास ओढेल."

"मग पुरे."

सोळाव्या इनिंगला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मिनेसोटाने २-१ असा सामना जिंकला. लोक बाहेर आले. झोपलेली पोरं खांद्यावर, आयांच्या हातात चपला. कुणी भांडत नव्हतं, हॉर्न नव्हते. एक आजीबाई आमच्या सेटपाशी थांबल्या, दिव्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्याचा तेलकट हात दाबला आणि पुढे गेल्या. डिझेल जाळण्याबद्दल दुपारी मी जे बोललो होतो, ते त्याने परत काढलं नाही. मीही नाही.

शेवटची गाडी गेल्यावर लोड काढला आणि इंजिन थंड व्हायला पाच मिनिटं मोकळं चालू ठेवलं. टाकीत पट्टी बुडवून पाहिली, तळाला दोन बोटं डिझेल होतं. म्हाताऱ्याच्या घरी वादळानंतर फेब्रुवारीत वीज आली होती, आज ती पुन्हा गेली होती. राहिलेलं डिझेल त्याला कॅनमध्ये काढून दिलं, पाणी निथळून. ते त्याने गाडीत ठेवलं. मी किल्ली फिरवली आणि आम्ही टॉर्चच्या उजेडात केबल गुंडाळायला घेतल्या.