जे. डी. मॅक्डफी आणि सत्तर क्रमांकाची गाडी

अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत ६५३ शर्यती धावून एकही न जिंकलेला चालक, अशी जे. डी. मॅक्डफी यांची आकडेवारीत नोंद आहे, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यापुरती त्यांची कहाणी बहुधा तेवढ्यावरच संपते. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे जुने चाहते मात्र त्यांच्याविषयी बोलताना विजयांचा हिशेब सहसा काढत नाहीत. त्यांना आठवते ती ७० क्रमांकाची गाडी, सुकाणूमागे बसलेला नॉर्थ कॅरोलायनातील सॅनफर्डचा मितभाषी माणूस आणि त्याच्या तोंडातला सिगार. गाडी चालवतानासुद्धा तो सिगार चघळत असे, ही काही दंतकथा नव्हे. एका टोकाला हा जिव्हाळा आणि दुसऱ्या टोकाला ते शून्य, हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला कसे आले, हे समजून घ्यायचे तर त्या काळी ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र चालक कोणाला म्हणत, हे आधी पाहावे लागते.

मॅक्डफी १९६३ मध्ये साउथ कॅरोलायनातील मर्टल बीच येथील रॅम्बी रेसवेवर या मालिकेत पहिल्यांदा उतरले. तो काळ मोटार कंपन्यांच्या चढाओढीचा होता. फोर्ड आणि क्रायस्लर यांसारख्या कंपन्या निवडक संघांना गाड्या, इंजिने, सुटे भाग आणि रोख पैसा पुरवत असत, कारण रविवारी शर्यत जिंकणारी गाडी सोमवारी विक्रीच्या दालनात अधिक खपते, असा त्यांचा विश्वास होता. ज्यांच्यामागे कोणतीही कंपनी नव्हती ते सगळे स्वतंत्र. गाडी त्यांची स्वतःची, इंजिन स्वतः बांधलेले, गाडी ओढून नेणारा ट्रक बहुधा स्वतः हाकायचा आणि पिटमध्ये, म्हणजे शर्यतीदरम्यान टायर बदलण्याच्या आणि इंधन भरण्याच्या जागी, मदतीला मित्र, नातेवाईक किंवा शनिवार-रविवारची सुट्टी असलेले हौशी लोक. बड्या संघांनी थोडे वापरून बाजूला काढलेले टायर स्वस्तात घेऊन त्यांवर अख्खी शर्यत काढणे, ही त्यांच्यासाठी नित्याची गोष्ट होती.

अशा माणसाला शर्यतीत जिंकण्यापेक्षा शर्यत पूर्ण करण्याची चिंता अधिक असते. बक्षिसाची रक्कम क्रमांकानुसार ठरलेली असे. विसाव्याऐवजी पंधरावे आले तर थोडे अधिक पैसे हाती पडत, पण त्या पाच जागांसाठी इंजिन पूर्ण ताणले आणि ते फुटले, तर पुढच्या आठवड्यात शर्यतीला जायचे कशाने, हा प्रश्न उभा राहत असे. म्हणून स्वतंत्र चालक इंजिनाला जपत, धक्के टाळत आणि पुढच्या गाड्यांची मोडतोड होईल तसतसे वर सरकत. बाहेरून पाहणाऱ्याला हे निव्वळ संथ चालवणे वाटेल, पण माझ्या मते त्याला फार वेगळे कौशल्य लागते. फेरी-दोन फेऱ्यांनी मागे पडलेल्या गाडीने आघाडीच्या गाड्या मागून येताना आरशात हेरायच्या, निळ्यावर पिवळा पट्टा असलेला झेंडा दिसला की आपली रेषा सोडायची नाही आणि खिडकीतून हात काढून कोणत्या बाजूने पुढे जायचे ते सुचवायचे. ताशी दीडशे मैलांच्या वर वेग असताना, पाचशे मैलांच्या शर्यतीत हे शंभरदा करावे लागत असेल, तर आघाडीच्या चालकांचा जीव या मागच्यांच्या शहाणपणावर अवलंबून असतो. गॅरेजमध्ये या माणसांविषयी जो आदर असे, त्याचे बरेचसे मूळ इथेच असावे.

मॅक्डफी यांची या मालिकेतील सर्वोत्तम कामगिरी म्हणजे तिसरा क्रमांक. तो १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातील माल्टा येथील अल्बनी-साराटोगा स्पीडवेवर आला. ती शर्यत या मालिकेत सर्वाधिक विजय नावावर असलेले रिचर्ड पेटी यांनी जिंकली होती. ही तारीख मला नेहमीच बोलकी वाटत आली आहे. फोर्डने १९७० च्या अखेरीस अंग काढून घेतले होते, क्रायस्लरनेही हात आखडता घेतला होता, आणि काही काळ तरी मैदान थोडे समतल झाले होते. शिवाय माल्टासारख्या छोट्या धावपट्ट्यांवर निव्वळ इंजिनाची ताकद सगळे ठरवत नसे. तिथे कमी खर्चाची गाडीही चांगल्या चालकाच्या हाती टिकून राहू शकत असे. पण १९७१ साली जी मालिका ४८ शर्यतींची होती ती १९७२ मध्ये विन्स्टन सिगारेटच्या प्रायोजकत्वाखाली ३१ शर्यतींवर आणली गेली आणि नेमक्या लहान शर्यतीच वेळापत्रकातून गेल्या. खेळाच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, पैसा आणि प्रेक्षक दोन्ही वाढले. मॅक्डफींसारख्यांना मात्र जिथे जिंकण्याची थोडी तरी आशा होती ते दार त्याच वेळी बंद झाले. त्यानंतरची त्यांची सारी कारकीर्द मुख्यतः मोठ्या आणि वेगवान धावपट्ट्यांवर गेली, जिथे पैशाने अश्वशक्ती विकत घेता येत होती.

तरीही एकदा, एकदाच, ते सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये डेलावेअरमधील डोव्हर येथे पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून त्यांनी पोल पोझिशन, म्हणजे शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवली. त्यांच्या गाडीला त्या दिवशी इतरांसारखे गुडइयरचे टायर नव्हते, तर मॅक्रीरी या कंपनीचे होते. मऊ रबराचा टायर रस्त्याला अधिक घट्ट धरतो, पण लवकर झिजतो, त्यामुळे तो एका-दोन फेऱ्यांपुरता वेग देतो आणि लांब शर्यतीत साथ सोडतो. रविवारी मॅक्डफी आघाडीवर टिकले नाहीत आणि शर्यतही पूर्ण करू शकले नाहीत. काहीजण त्या पोलला टायरची करामत म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. टायर चांगला असला तरी डोव्हरच्या तीव्र उताराच्या कठीण वळणांत गाडी कोणीतरी धरून ठेवावीच लागते, आणि ज्याने जुन्या टायरवर पंधरा वर्षे दिवस काढले त्याला नवा टायर मिळाल्यावर काय करावे हे कळणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

त्या पोलचे एक गमतीदार फळ त्यांना पुढच्या वर्षी मिळाले. १९७९ च्या फेब्रुवारीत डेटोना येथे बुश क्लॅश ही नवी शर्यत सुरू झाली. मागील हंगामात ज्यांनी पोल जिंकली होती त्यांनाच तिच्यात प्रवेश होता आणि ती अवघ्या २० फेऱ्यांची होती. नऊच गाड्या होत्या. बडी बेकर, केल यारबरो, डॅरेल वॉल्ट्रिप, डेव्हिड पिअर्सन, बॉबी ॲलिसन या नावांच्या रांगेत जे. डी. मॅक्डफी हे नावही होते, आणि खुद्द रिचर्ड पेटी मात्र नव्हते, कारण १९७८ मध्ये त्यांना एकही पोल मिळाली नव्हती. शर्यत बेकर यांनी जिंकली. मॅक्डफींच्या कोणत्याही चाहत्याला ही नऊ नावे विचारून पाहावीत, तो ती न अडखळता सांगेल.

१९८० च्या दशकात स्वतंत्र चालकांचे दिवस भराभर मावळले. अनेक गाड्यांचे संघ, मोठे प्रायोजक आणि वर्षभर केवळ इंजिनांवर काम करणारी माणसे आली. रिचर्ड चाइल्ड्रेस यांनी ही हवा वेळीच ओळखली. तेही स्वतंत्र चालक होते आणि त्यांनीही चालक म्हणून एकही शर्यत जिंकली नव्हती, पण १९८१ मध्ये त्यांनी आपली जागा डेल अर्नहार्ट यांना दिली आणि मालक म्हणून इतिहास घडवला. मॅक्डफींनी सुकाणू सोडले नाही. हा हट्ट होता की प्रेम, यावर वाद घालता येईल. मला वाटते, ज्या माणसाला गाडी चालवायलाच आवडते त्याला दुसऱ्याला ती चालवताना पाहणे ही बढती वाटत नसावी. गाडीवर फर्निचर विकणाऱ्या रम्पल कंपनीचे नाव झळकत असे, बड्या संघांच्या प्रायोजकांपुढे फारच माफक. तेवढ्या पैशात जमेल तितके ते करत राहिले.

१९८८ मध्ये डेटोनाच्या पात्रता शर्यतीत त्यांच्या गाडीला अपघात होऊन आग लागली आणि हात गंभीर भाजले. त्या वेळी त्यांच्या हातांत अग्निरोधक मोजे नव्हते. पन्नाशीला आलेल्या आणि मागे कुठलाही संघ नसलेल्या चालकाने तिथेच थांबणे कोणालाही स्वाभाविक वाटले असते. ते बरे होऊन परतले. पुढच्या वर्षांत गाडी इतकी मागे पडू लागली की कित्येक आठवडे पात्रताच मिळत नसे, आणि शेकडो मैल गाडी ओढून नेऊन शर्यत न धावताच घरी परतावे लागे.

११ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे त्यांना पात्रता मिळाली होती. आदल्या रात्री त्यांनी जवळच्या ओवेगो येथील शांग्री-ला स्पीडवेवर एक छोटी शर्यत जिंकलीही होती. रविवारी पाचव्या फेरीत, लांब सरळ पट्टा संपून उजवे पाचवे वळण सुरू होते तिथे, त्यांच्या गाडीचे पुढचे चाक निखळले. ब्रेक लावण्याजोगे काही उरले नाही. जिमी मीन्स यांच्या गाडीला धडकून दोन्ही गाड्या गवतावरून कुंपणाकडे गेल्या, मॅक्डफींची गाडी टायरच्या भिंतीवर आदळून उडाली आणि छतावर पडली. मीन्स स्वतः बाहेर आले, उलट्या गाडीत डोकावले आणि मदतीसाठी जिवाच्या आकांताने हात हलवू लागले. मीन्स हेही स्वतंत्र चालक होते, त्यांनाही या मालिकेत विजय मिळालेला नव्हता. मॅक्डफी ५२ वर्षांचे होते. कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने त्यांचा मृत्यू झाला, आणि मान व डोके धरून ठेवणारे साधन नॅस्कारमध्ये सक्तीचे व्हायला त्यानंतर दहा वर्षे जावी लागली.

त्याच वळणावर अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, जूनमध्ये, टॉमी केंडल यांचा दुसऱ्या मालिकेच्या शर्यतीत भीषण अपघात होऊन पायांना जबर दुखापत झाली होती. म्हणजे धोका ठाऊक होता. १९९२ साठी सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग कमी करणारे आडवळण बांधण्यात आले, आणि आज तिथे ‘इनर लूप’ म्हणून जे ओळखले जाते ते हेच. त्या धावपट्टीवर आता दरवर्षी प्रत्येक चालक त्यातून जातो, बहुतेकांना ते कोणामुळे बांधले गेले याची कल्पनाही नसेल.

६५३ शर्यतींत पहिल्या दहांत १०६ वेळा आणि पहिल्या पाचांत १२ वेळा, असा त्यांचा हिशेब आहे. साधारण दर सहा शर्यतींमागे एकदा पहिल्या दहांत येणे, तेही स्वतःच्या खिशातून, हे मला त्या शून्यापेक्षा अधिक सांगणारे वाटते. हा विजयाविना सर्वाधिक शर्यतींचा विक्रम मोडला जाण्याची शक्यताही फारशी नाही. २०१६ पासून या मालिकेत चार्टर पद्धत आहे. ४० गाड्यांपैकी ३६ जागा चार्टरधारक संघांसाठी राखीव असतात आणि एकेका चार्टरची किंमत कोट्यवधी डॉलरांत जाते. इतके पैसे ओतलेला संघ न जिंकणाऱ्या चालकाला अठ्ठावीस वर्षे ठेवत नाही, आणि उरलेल्या चार जागांसाठी स्वतःचा ट्रक हाकत दर आठवड्याला हजर होणे एकट्या माणसाला आता परवडणारे नाही.