टॉवर दिसला की रडू यायचं

आयोवा सिटीला मी दोन आठवडे गेलो होतो ते प्लास्टर शिकायला. ऑर्थोपेडिक्समध्ये वीस वर्षं काढलेला माणूस प्लास्टर शिकायला अमेरिकेला निघाला, यावरून घरी भरपूर चेष्टा झाली. पण क्लबफूटचं प्लास्टर ही वेगळीच विद्या आहे. जन्मतः आत वळलेलं बाळाचं पाऊल आठवड्याला थोडं, असं करत हातानेच सरळ आणायचं. ही पद्धत बसवली ती इथल्याच विद्यापीठ रुग्णालयातल्या इग्नासिओ पोन्सेटी यांनी. आम्ही ती पुस्तकातून आणि एका कार्यशाळेतून उचललेली. एकदा मूळ घराण्याची तालीम बघून यावी, एवढीच इच्छा.

रुग्णालय म्हणजे एक गावच. नव्या इमारतींना नव्या इमारती चिकटलेल्या, आणि त्यांच्या गर्दीत मधूनच एक गॉथिक टॉवर वर डोकावतो. विटांचा, फिक्या दगडाच्या कडांचा, माथ्यावर दगडी शिखरं. पहिल्या दिवशी बघितला तेव्हा खरं सांगायचं तर मी थोडा वैतागलोच. दवाखान्याला चर्चचा कळस कशाला? तेवढ्या पैशात किती खाटा झाल्या असत्या, हा आमच्या सरकारी नोकरीतला हिशोब डोक्यातून जात नाही.

गुरुवारी क्लिनिकमध्ये पाच आठवड्यांचं एक बाळ आलं. दुसरं प्लास्टर होतं. सोबत आई आणि व्हीलचेअरवर बाळाची पणजी, नव्वद वर्षांची. मी पाहुणा, पेशंटला हात लावायची परवानगी नाही, म्हणून भिंतीला टेकून बघत होतो. आईने बाळाच्या तोंडात दुधाची बाटली दिली. एका डॉक्टरने पावलाची बोटं धरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा घोट्याच्या पुढच्या हाडावर, टॅलसच्या डोक्यावर, ठेवला. तोच टेकू. बाकी पाऊल त्याच्याभोवती सावकाश बाहेर वळवायचं, आणि टाचेला बोटसुद्धा लावायचं नाही. इथेच आमची पोरं चुकतात, टाच धरून ओढतात. कापसाचा पातळ थर, मग कोमट पाण्यातून काढलेली पट्टी, बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात. बाटली संपायच्या आत काम झालं. बाळ झोपलं होतं.

"तुमच्याकडेही असंच करतात?" पणजीबाईंनी मला विचारलं. रिकामा उभा असलेला मीच एकटा होतो.

म्हटलं, "होय, भारतात हल्ली खूप ठिकाणी करतात. याच पद्धतीने."

त्यांनी पायावरची शाल बाजूला केली. डावा पाय. पोटरी काडीसारखी, घोट्यावर आतल्या बाजूने लांब पांढरा व्रण. मी न विचारताच त्यांनी घोटा हलवायचा प्रयत्न करून दाखवला. घोटा जागचा हलला नाही.

१९३६ साली सात वर्षांच्या असताना त्या इथे आल्या होत्या. मंदीचे दिवस, शेत गहाण पडलेलं. पण आयोवात १९१५ पासूनच एक कायदा होता, पर्किन्स कायदा. गरिबाच्या पोराला न्यायालयाच्या आदेशाने या रुग्णालयात पाठवायचं आणि खर्च राज्याने सोसायचा. १९१९ मध्ये मोठ्या माणसांसाठीही तशीच सोय झाली. राज्यात ९९ काउंट्या, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे, माणसं कुठून कुठून यायची. पुढे आणायला रुग्णालयाच्याच गाड्या फिरू लागल्या.

"आई आली नाही. गाडीत जागा नव्हती," बाई म्हणाल्या. "तीन मुलं आणि एक म्हातारा. दिवसभर मक्याची शेतं. मी तोवर धान्याच्या कोठारापेक्षा उंच काही पाहिलंच नव्हतं. मग लांबून तो टॉवर दिसला आणि ड्रायव्हर म्हणाला, आलं बरं का. तिघंही एकदम रडायला लागलो."

त्यांचा मुक्काम टॉवरखाली नव्हता, मुलांचा दवाखाना वेगळ्या इमारतीत, तो १९१९ चा. पण तिथून टॉवर दिसायचा. महिनोन् महिने त्या तो बघत पडून होत्या. तेव्हा ऑर्थोपेडिक्सचे प्रमुख होते व्हिएन्नात शिकलेले आर्थर स्टाइंडलर, मोठं नाव. त्या काळी क्लबफूट कापून सरळ करत. १९४१ मध्ये स्पेनमधल्या यादवीतून निसटून फ्रान्स, मेक्सिको करत पोन्सेटी इथे आले. घड्याळजीचा मुलगा. त्यांनी आधी शस्त्रक्रिया झालेल्या अशाच पेशंटांचे पाय तपासले आणि त्यांना दिसलं की पाय सरळ झालेत, पण ताठ झालेत, दुखतात. त्यातून हे प्लास्टर निघालं. समोरचा तो व्रण आणि टेबलावरचं ते ओलं प्लास्टर यांच्यामध्ये एवढंच अंतर होतं, आणि मी दोन्हींच्या मध्ये उभा होतो. वाचलेलं होतं सगळं, पण आजवर ते पाठ्यपुस्तकातला परिच्छेद होतं.

मी बाईंना विचारलं, टॉवर बघायला नेऊ का? नाही म्हणाल्या. "बघून झालाय."

रात्री खोलीवर बसून टॉवरची माहिती काढली. गोष्ट मजेदार आहे. अब्राहम फ्लेक्सनर या गृहस्थांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं पाहून १९१० मध्ये अहवाल दिला, त्यात आयोवाची चांगलीच हजेरी घेतली. शिकवायला पुरेसे पेशंट नाहीत, शल्यक्रियेचे प्राध्यापक राहतात भलत्याच गावी. पण पुढे तेलसम्राट रॉकफेलरांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत गेल्यावर याच फ्लेक्सनरनी आयोवाची बाजू लावून धरली. रॉकफेलरांचे जुने सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांचा सरकारी विद्यापीठाला दमडी द्यायलाही विरोध होता. तरी साडेबावीस लाख डॉलर मंजूर झाले. अट अशी की तेवढेच राज्याने घालायचे. १९२३ मध्ये विधिमंडळाने वर्षाला साडेचार लाख असे पाच वर्षांत द्यायचं कबूल केलं, आणि १९२८ मध्ये नदीच्या पश्चिमेला टॉवरसकट नवं रुग्णालय उघडलं.

म्हणजे ज्याने नापास केलं, त्यानेच फी भरली. परीक्षक असावा तर असा. खाटांचा माझा हिशोब मात्र मी अजून मागे घेतलेला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टॉवरचा फोटो काढायला गेलो. १९७६ ची बॉइड टॉवर नावाची इमारत आडवी येते, कुठूनही पूर्ण फोटो येईना. पार्किंगच्या कडेला मागे मागे सरकत शेवटी वरचा निम्मा भाग मिळाला. तोच गावाकडच्या सहकाऱ्याला पाठवला, सोबत आदल्या दिवशीच्या प्लास्टरचाही.

तिकडे पहाट. तरी लगेच उत्तर आलं, "टाकी आहे का वर?" आणि पाठोपाठ दुसरं, "पट्टी चार इंची वापरतात की दोन? आपल्याकडची उद्या संपतेय."