लाल शेरा आणि अडून बसलेली लिंकेज: माझा अनुभव

चार लिंका, चार पिना. एवढीशी यंत्रणा (लिंकेज) स्क्रीनवर हलायला तयार नाही, आणि कॅड, म्हणजे संगणकावर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरचा शेरा काय, तर ‘ओव्हरडिफाइन्ड’, म्हणजे बंधनं गरजेपेक्षा जास्त. खाली आठही मेट, म्हणजे भागांना एकमेकांशी बांधणारी बंधनं, लाल. नेमकं कोण नडतंय ते सांगायचं नाही, सगळ्यांवर ठपका ठेवून मोकळं व्हायचं. असेंब्ली (सगळे भाग जोडलेलं मॉडेल) किती अंशांपर्यंत फिरते हे तपासण्याच्या कामात माझा सर्वात जास्त वेळ या शेऱ्याने खाल्ला आहे. पार्ट आणणं, फ्रेम फिक्स करणं, पिना बसवणं यात सांगण्यासारखं काही नाही, त्यामुळे सरळ अडल्या जागी येतो.

आकडे घेऊनच बोलू. क्रँक (गोल फिरणारी लिंक) ४० मिमी, कपलर (मधली जोडणारी) ११०, रॉकर (मागेपुढे झुलणारी) ८०, आणि फ्रेम ही चौथी, न हलणारी लिंक: तिच्यावरच्या दोन स्थिर पिनांमधलं अंतर १२०. कागदावरचा द्विमितीय हिशोब सोपा आहे: हलणाऱ्या ३ लिंकांच्या प्रत्येकी ३ मुक्त हालचाली, म्हणजे ९. प्रत्येक पिन त्यातल्या २ काढून घेते, चार पिनांच्या ८. उरली १. म्हणजे क्रँक फिरवली की बाकीचं आपोआप फिरणार.

पण कॅडचा सॉल्व्हर (मेटवरून भागांच्या जागा काढणारा हिशोबनीस) त्रिमितीत विचार करतो. तिथे प्रत्येक सुट्या भागाच्या ६ हालचाली, तिघांच्या १८. पिनेच्या भोकांना कॉन्सेंट्रिक (अक्षावर अक्ष) आणि बाजूच्या फेसना, म्हणजे सपाट पृष्ठांना, कॉइन्सिडंट (पृष्ठावर पृष्ठ) लावलं की एका सांध्यात ५ हालचाली बंद होतात. चार सांध्यांत २०. उत्तर उणे २. खरी यंत्रणा तर एका तऱ्हेने हलतेच, म्हणजे ३ बंधनं फुकटची आहेत. सगळे अक्ष तंतोतंत समांतर आणि सगळे फेस एका पातळीत असेपर्यंत ही फुकटची बंधनं गप्प राहतात. वॉशरची जाडी ०.०२ मिमीने इकडेतिकडे झाली, किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या स्टेप फाइलमधून आलेल्या भोकाचा अक्ष किंचित कलता निघाला, की ती आपसात भांडायला लागतात. तेच मेट एका असेंब्लीत चालतात आणि दुसरीत लाल होतात, ते यामुळे. कधी तर शेराही येत नाही. क्रँक अर्धा फेरा सुरळीत फिरते आणि एका कोनाला चिकटून बसते.

तोडगा असा. फ्रेमवरच्या दोन पिनांना पूर्ण बिजागरी ठेवा, कॉन्सेंट्रिक अधिक फेस. क्रँक आणि कपलरच्या सांध्यात दोन्ही भोकांच्या मध्यावर, जाडीच्या निम्म्यात, एकेक बिंदू काढा आणि बिंदूवर बिंदू बसवा. हा झाला बॉल जॉइंट, बंधनं ३. कपलर आणि रॉकरच्या सांध्यात फक्त कॉन्सेंट्रिक, फेसला हात लावायचा नाही, बंधनं ४. ५, ५, ३ आणि ४ मिळून १७. अठरातून सतरा गेले, उरला बरोब्बर १. प्रत्यक्ष यंत्रात चारही ठिकाणी साधी पिनच असते, म्हणून हे बघून काहींना कसंसं होतं. होऊ द्या. हालचाल तीच मिळते.

हे करण्याआधी एक तपासणी: यातली एखादी लिंक सबअसेंब्ली (आधीच जोडून ठेवलेला भागांचा गट) तर नाही ना? सिलिंडर किंवा गॅस स्प्रिंग सबअसेंब्ली म्हणून आणली, तर सॉलिडवर्क्स या कॅडमध्ये ती मुळात रिजिड, म्हणजे आतून न हलणारी, असते. आत कितीही व्यवस्थित मेट लावलेले असोत, रॉड बाहेर येणार नाही. तिला फ्लेक्झिबल करावं लागतं, इन्व्हेंटर या दुसऱ्या कॅडमध्येही तसंच. फ्लेक्झिबल केल्यावर स्ट्रोकची, म्हणजे रॉडच्या सरकण्याची, लिमिट मेटने लावायलाच हवी, नाहीतर रॉड सिलिंडर सोडून निघून जातो.

दोषी मेट शोधताना एकेक सप्रेस (तात्पुरता बंद) करत बसू नका. निम्मे सप्रेस करून ओढून बघा. हललं तर दोष त्या निम्म्यात, नाही हललं तर उरलेल्यांत.

अडणं मॉडेलचं आहे की भूमितीचं, हे आधी कागदावर ठरवून घ्या. ग्रॅशॉफचा नियम: सर्वांत लहान अधिक सर्वांत मोठी लिंक ही उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा कमी हवी. इथे १६० विरुद्ध १९०, क्रँक पूर्ण फिरलीच पाहिजे. रॉकर ४५ चा केला तर दुसरी बेरीज १५५ होते. मग मेटना शिव्या घालून उपयोग नाही. आपल्या उदाहरणात रॉकर फ्रेमच्या रेषेशी ३४.१ ते ९५.१ अंश, म्हणजे ६१ अंश झुलतो. स्क्रीनवर वेगळा आकडा दिसला तर कुठेतरी चुकीचं भोक पकडलं गेलंय.

नेहमी क्रँक चालवा, रॉकर नाही. रॉकरच्या दोन्ही टोकांना क्रँक आणि कपलर एका रेषेत येतात, तिथून क्रँक कुठल्याही बाजूला वळू शकते, आणि सॉल्व्हर खुशाल चुकीची बाजू निवडतो. कोनाच्या मेटचंही असंच, ० किंवा १८० पाशी ती उलटी पडते. पूर्ण फेरा नसलेल्या हालचालीसाठी वेगळा रेफरन्स प्लेन (कोन मोजायची पातळी) काढून सगळी हालचाल ३० ते १५० अंशांत येईल अशी मोजणी ठेवा.

टक्कर तपासताना स्टेप, म्हणजे दोन तपासण्यांमधला कोन, बारीक हवी. २०० मिमी त्रिज्येवर ५ अंश म्हणजे साडेसतरा मिमीची उडी. मधली ३ मिमीची पट्टी आरपार निघून जाते आणि रिपोर्ट स्वच्छ. अर्ध्या अंशाला उडी पावणेदोन मिमीची होते, ती पट्टी मग सुटत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो, म्हणून बोल्ट-नट आधीच बाजूला काढा. तसेही आट्यांच्या भोकात बसलेला प्रत्येक बोल्ट इंटरफेरन्स (भाग एकमेकांत घुसणं) म्हणून दाखवला जातो, आणि त्या गर्दीत खरी टक्कर शोधत बसावं लागतं.