पार्किंगच्या कॅमेऱ्याचे रात्रीचे गॅप सापडले एकदाचे

काल रात्री पहिल्यांदा संध्याकाळपासून सकाळपर्यंत सलग रेकॉर्डिंग आलं! फ्रिगेटच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर) टाइमलाइनवर एकही गॅप नाही. सकाळी उठल्या उठल्या ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत बघितली, मग आंघोळ करून आल्यावर परत एकदा बघितली. मागचे अपडेट वाचलेत त्यांना माहितीये या कॅमेऱ्याने किती छळलंय, म्हणून यावेळी सगळं नीट लिहितो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सेटअप. बिल्डिंग माहीमला, समुद्र हाकेच्या अंतरावर. मिनी पीसी आणि स्विच घरात तिसऱ्या मजल्यावर, तिथून डक्टमधून खाली मागच्या पार्किंगपर्यंत साधारण 35 मीटर केबल. ही केबल सोसायटीने आधी कुणाकडून तरी टाकून घेतलेली, तीच मी वापरत होतो. कॅमेरा 4 मेगापिक्सेलचा बुलेट, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणं) नसलेलं मॉडेल, 12 व्होल्टवर चालणारं, म्हणून वर केबलमध्ये 12 व्होल्ट घालणारा पॅसिव इंजेक्टर आणि खाली ते वेगळे काढणारा पॅसिव स्प्लिटर.

लक्षण असं की दिवसभर एकदम छान सलग रेकॉर्डिंग, आणि अंधार पडला की तुटक. कधी मिनिटभराचा गॅप, कधी अर्धा-अर्धा तास काहीच नाही, आणि नेमक्या पावसाच्या रात्री जास्त.

संशयितांपैकी बरेच आधीच बाद झाले होते. फ्रिगेटमध्ये रिटेन्शन मोड ऑल आहे, मोशनवर नाही, म्हणजे हालचाल नसली तरी सगळं साठवतं. आरटीएसपी (कॅमेऱ्याचा व्हिडिओ स्ट्रीम) टीसीपीवर आहे, वाटेत डेटा हरवला तर परत न मागवणाऱ्या यूडीपीवर नाही. व्हिडिओ कॉम्प्रेशन एच.265 प्लस बंद करून साधं एच.264, आय-फ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर दोन सेकंदांनी. डिस्कवर जागा भरपूर, 4 एमबीपीएसने दिवसाला 43 जीबी होतात, 2 टीबीत दीड महिना आरामात मावतो. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून एफ3 या टूलने पूर्ण लिहून-वाचून तपासलं, कपॅसिटी खरी, एकही सेक्टर खराब नाही. कार्डावरच सगळ्यांचा संशय होता, आणि ते तर ठणठणीत निघालं.

पण त्या कार्डानेच पहिला धागा दिला. तपासायच्या आधी फाइल्स कॉपी करून घेतल्या होत्या, त्यात तारखांच्या फोल्डरांबरोबर एक फोल्डर होता 1 जानेवारी 1970 चा. आत ढीगभर छोट्या क्लिप, आणि जवळपास सगळ्या पहाटे 5:30 च्या पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांतल्या. हे बघितलं आणि लक्षात आलं. युनिक्सचं घड्याळ 1970 च्या पहिल्या दिवशी यूटीसी मध्यरात्रीपासून मोजतं, आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे कॅमेरा रीबूट होत होता, दर वेळी घड्याळ शून्यावर जात होतं, आणि कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनला (त्यांचं वेगळं ठेवलेलं नेटवर्क) मी बाहेरचं इंटरनेट बंद ठेवलेलं असल्यामुळे वेळ दुरुस्त करून देणारं कुणी नव्हतं. म्हणूनच कार्डावर तारीख निवडून बघितलं की रात्र रिकामी दिसायची. फुटेज होतं, पण 1970 मध्ये जाऊन बसलेलं.

दुसरा धागा आमच्या वॉचमन काकांनी दिला. मी खाली शिडी लावून बघत होतो तर म्हणाले, "दादा, रात्री त्याच्या आतली लाल लाईट जाते-येते, आणि टक् असा आवाज येतो बघा." हे मला इतके दिवस वर बसून कळणं शक्यच नव्हतं. लाल लाईट म्हणजे अंधारात बघण्यासाठीच्या 850 नॅनोमीटरच्या आयआर (इन्फ्रारेड) एलईडींची मंद झाक, आणि टक् म्हणजे दिवसा आयआर अडवणारा आयआर-कट फिल्टर सरकल्याचा आवाज. म्हणजे कॅमेरा आयआर लावतो, मरतो, परत उठतो, परत आयआर लावतो, परत मरतो. काकांना त्याच दिवशी सांगितलं की निम्मं काम तुम्ही केलंत.

मग सगळ्यात कामाची गोष्ट सुचली, आणि ही कुणालाही वापरता येईल. रात्रीची वाट बघायची गरजच नाही. कॅमेऱ्याच्या वेब पेजवर डे/नाईट सेटिंग ऑटोवरून जबरदस्तीने नाईटवर टाकायचं, आयआर भर दुपारी लागतो. रविवारी ऐन उन्हात ते केलं, बाजूला पिंग (कॅमेरा नेटवर्कवर उत्तर देतोय का हे सतत बघणारी कमांड) चालू ठेवला, आणि थोड्याच वेळात पिंग गेला! फॉल्ट पाहिजे तेव्हा समोर आणता आला की अर्धी लढाई तिथेच संपते.

आता मल्टिमीटर. स्प्लिटर आणि कॅमेरा यांच्यामध्ये 5.5 बाय 2.1 ची एक जॅक-पिगटेल घातली, वायरी थोड्या सोलून प्रोब लावले. वर अडॅप्टरवर 12.1 व्होल्ट. खाली डे मोडमध्ये 10.4, आणि आयआर लागला की आकडा घसरत घसरत 9 च्या खाली आणि कॅमेरा बंद. लेबलवर लिहिलंय 12 व्होल्ट, अधिक-उणे 25 टक्के, म्हणजे 9 ही त्याची शेवटची हद्द. कॅमेऱ्यातला कन्व्हर्टर वॉट तेवढेच ओढतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, करंट वाढला की केबलमध्ये आणखी ड्रॉप (व्होल्टेजची घट) होतो, आणि शेवटी डाव कोसळतोच.

पण 35 मीटरला इतका ड्रॉप का? हिशोब बसत नव्हता. चांगल्या 24 गेज तांब्याची एक तार 100 मीटरला साधारण साडेआठ ओम. पॅसिव पीओईत प्लसला दोन तारा आणि मायनसला दोन, म्हणजे जाऊन-येऊन 3 ओमच्या आसपास. रात्री 0.6 अँपिअर धरले तर पावणेदोन-दोन व्होल्ट जायला हवेत, सव्वातीन नाही. केबलचं एक टोक कापून तार ब्लेडने खरवडली तर वरचा तांब्याचा पापुद्रा निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम! सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा थर दिलेली ॲल्युमिनियमची तार. आवरणावर मात्र ऐटीत कॅट6 छापलंय. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, बराचसा हिशोब तिथेच जुळला.

उरलेला जॉइनरमध्ये सापडला. डक्टमधून बाहेर आल्यावर केबलला एक प्लॅस्टिकचा आरजे45 (नेटवर्क केबलचा आठ पिनांचा प्लग) जॉइनर होता, वर नुसती काळी टेप. टेप सोडवली तर आतून पाणी ओघळलं. प्लग बाहेर काढून टॉर्च मारला, आठांपैकी मधल्या दोन पिना, 4 आणि 5, हिरव्या झालेल्या, एकीवरचा सोन्याचा मुलामा पूर्ण गेलेला. बाजूच्या 7 आणि 8 मात्र लख्ख. हे बघून खरंच थक्क झालो, कारण पॅसिव पीओईत 4-5 वर प्लस असतो आणि 7-8 वर मायनस. ओलाव्यात डीसी चालू राहिला की प्लसच्या बाजूचा धातू विरघळत जातो, आणि इथे तर खारट हवेचा ओलावा. पुस्तकात वाचलेलं इलेक्ट्रोलिसिस एका दहा रुपयांच्या जॉइनरमध्ये! पावसाच्या रात्री जास्त गॅप का, त्याचंही उत्तर मिळालं.

उपाय म्हणून आधी ठरवलं होतं की वर जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावू, बरेच जण तेच सुचवतात, पण त्याने काही होत नाही. अडॅप्टर 5 अँपिअरचा असला तरी केबलमधला ड्रॉप तेवढाच राहणार. मग पॅसिव जोडी काढून टाकली, वर 802.3एएफचा (48 व्होल्टवाल्या स्टँडर्ड पीओईचा) स्विच पोर्ट आणि खाली 48 वरून 12 करणारा स्प्लिटर. 48 व्होल्टवर तेवढ्याच 7 वॉटना जेमतेम 0.15 अँपिअर लागतात, ड्रॉप एका व्होल्टच्या आत. जॉइनर कापून टाकला, त्या जागी तात्पुरता जेल भरलेला वॉटरप्रूफ कपलर, आणि केबलला खाली झोळ दिला म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातून ठिबकेल. कॅमेऱ्याजवळ आता 12.0, आयआर लागल्यावरही 11.9. मीटर हलत नाही हे बघण्यात काय सुख आहे हे तुम्हालाच कळेल.

घड्याळाचंही करून टाकलं. मिनी पीसीवर क्रोनी (वेळ पुरवणारं सॉफ्टवेअर) चालू करून सगळ्या कॅमेऱ्यांना एनटीपी, म्हणजे वेळेचा सर्व्हर, म्हणून त्याचाच आयपी दिला. इंटरनेट बंदच, वेळ मात्र घरातली.

केबल तरीही बदलणार आहे, सीसीएवर पीओई कायम ठेवायची माझी तयारी नाही. लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानांत विचारून आलो. एकाने सीसीएच पुढे केली आणि "सगळे हीच नेतात" म्हणाला. दुसऱ्याने स्वतःहून तार खरवडून दाखवली, तिथूनच घेणार, मीटरला थोडे जास्त पडले तरी. तुम्ही जाल तेव्हा खिशात ब्लेड ठेवा, आणि 305 मीटरचा बॉक्स घेणार असाल तर उचलून बघा, तांब्याचा चांगलाच जड लागतो. आउटडोअरसाठी काळं यूव्हीवालं आवरणच घ्या, आतल्या भागातल्या करड्या केबलला इथलं ऊन सोसत नाही.

हे लिहिता लिहिता आणखी एक डोक्यात आलं. कॅमेऱ्याचा स्वतःचा आयआर कायमचा बंद करून समोरच्या भिंतीवर वेगळा इल्युमिनेटर (आयआर दिवा) लावला तर? मीटर रूमपासून तिथे वीज जवळ आहे. लोड कमी होईल ते आहेच, पण पावसाळ्यात लेन्ससमोर जे किडे जमतात आणि कोळी जाळं विणून बसतो, आणि मग रात्रभर खोटे मोशन इव्हेंट, ते सगळं लेन्सपासून दूर जाईल. त्यामुळे नवीन केबलबरोबर आता एक छोटा जंक्शन बॉक्सही यादीत आलाय, आणि सेक्रेटरी काकांकडे भिंतीला भोक पाडायची परवानगी मागावी लागणार.

इल्युमिनेटर 850 नॅनोमीटरचा घेतला तर लांबपर्यंत उजेड पण लाल झाक दिसणार, 940 दिसणार नाही पण सेन्सरला कमी मिळणार. आमच्या पार्किंगची खोली साधारण 15 मीटर आहे. एवढ्या अंतराला कुणी 940 लावला असेल तर रात्रीच्या फ्रेममध्ये नंबरप्लेट वाचता येते का तेवढं सांगा, त्यावर ऑर्डर ठरवतो.