विगेन, ११६ तुकडे आणि चिवडा

मी पुण्यात राहतो आणि लोकांची विमानं रंगवून देतो, म्हणजे प्लास्टिकची, किटमधली. ह्यावर घर चालतं का असं नातेवाईक दर दिवाळीत विचारतात, तर बायकोची नोकरी आहे म्हणून चालतं.

गेल्या वर्षी एका ऑर्डरला हो म्हणून बसलो. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असणारे एक मराठी गृहस्थ, त्यांच्या मुलाने तिथल्याच लिंशॉपिंगच्या एअरफोर्स म्युझियममध्ये विगेन नावाचं लढाऊ विमान बघितलं आणि तेव्हापासून त्याला तेच हवं होतं. स्केल १/४८, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, आणि रंग "तोच, तुकड्यातुकड्यांचा". तो शब्द वाचूनच मी किंमत थोडी वाढवायला हवी होती.

साब ह्या स्वीडिश कंपनीचं विगेन पहिल्यांदा उडालं ८ फेब्रुवारी १९६७ ला. युद्ध झालं तर एअरबेसवर पहिला बॉम्ब पडणार हे धरूनच स्वीडनने विमानं जंगलातल्या हायवेवरून उडवायची तयारी ठेवली होती, म्हणून ह्या जेट फायटरला चक्क रिव्हर्स थ्रस्ट आहे, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून ब्रेक लावायची सोय, ५०० मीटरच्या आसपास थांबतं. आणि झाडीत उभं केल्यावर वरून दिसू नये म्हणून हा कॅमो, म्हणजे लपवणारी रंगसंगती, फिका हिरवा, गडद हिरवा, मातकट तपकिरी आणि काळा, सगळ्या कडा पट्टीने मारल्यासारख्या सरळ. स्पिटफायरला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानाला कसं, ब्लू टॅकच्या, म्हणजे चिकट लगद्याच्या वळ्या करून लावल्या, वरून एअरब्रशने रंग फवारला, कड जरा इकडेतिकडे झाली तरी खपून जातं. इथे काही खपत नाही.

माझ्याकडे चांगलं ड्रॉइंग होतं ते १/७२ चं, म्हणजे दीडपट मोठं करायचं. झेरॉक्सवाल्याला म्हटलं १५० टक्के, तो म्हणाला काका फिट टू पेज करून देऊ का, त्याला हात जोडले. कागदावरचं चित्र सपाट आणि विमान गोल, त्यामुळे पाठीच्या कण्यावर डावीकडची आणि उजवीकडची रेघ कधीच जुळत नाही, तिथे डोळ्यानेच ठरवावं लागतं. काचेवर टेप चिकटवून एकूण ११६ तुकडे कापले, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर.

पद्धत अशी की आधी सगळं विमान तपकिरी. जिथे तपकिरी राहायला हवं तिथे टेप. मग फिका हिरवा, त्यावर टेप, मग गडद हिरवा, पुन्हा टेप, शेवटी काळा. टेप लावली की आधी खालचाच रंग तिच्या कडेवर हलकासा मारायचा, म्हणजे फट असेल तर ती त्याच रंगाने बुजते आणि पुढचा रंग आत झिरपत नाही. एअरब्रशच्या हवेचं प्रेशर १५ पीएसआय, थर एकदम पातळ, आणि नोझल कडेच्या आत रोखायचं नाही, सरळ वरून. पावसाळा होता, हवेतला ओलावा अडवणाऱ्या मॉइश्चर ट्रॅपमध्ये तासातासाला पाणी. तीन दिवस हे चालू आणि तीन दिवसांत विमान कसं दिसतंय ते कळत नाही! शेवटी हातात असतो टेप गुंडाळलेला एक काळा गोळा.

चौथ्या दिवशी सकाळी टेप काढायला बसलो. टेप वर ओढायची नसते, स्वतःवरच दुमडत सावकाश मागे न्यायची. नाक झालं, पुढचे छोटे पंख झाले, कडा अशा की मीच दोन मिनिटं बघत बसलो. डाव्या पंखावर आलो, ७३ नंबरचा तुकडा उचलला आणि त्याच्याबरोबर रंगाची सालच आली, हिरवा, त्याखालचा तपकिरी, सगळं. शेजारचा ७४ ही तसाच, आणि जाताना काळ्याचा एक कोपरा घेऊन गेला. खाली राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारायचा अस्तराचा थर. सगळा टेप निघाल्यावर बघितलं तर त्या डागाचा आकार लांबट, एका टोकाला गोल. मी सहज डाव्या हातात विमान धरलं, अंगठा बरोब्बर त्याच्यावर बसला.

मग आठवलं. प्रायमर वाळल्यावर सांधे तपासत होतो तेव्हा शेजारी चिवड्याची बशी होती. भाच्याला वर्कटेबलजवळ पाणी पिऊ देत नाही मी, आणि स्वतः तेलकट हाताने प्रायमर धरला!

बायको म्हणाली त्यावर एखादा स्टिकर लाव ना. तिच्याशी दोन तास बोललो नाही. २००० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासून उतरत्या केल्या, पुसलं, पुन्हा प्रायमर, आणि अंगठ्याएवढ्या जागेत तीन रंग पुन्हा तसेच एकामागे एक. जुन्या रेघेला नवी रेघ मिळवताना श्वास धरून बसायचो. आटपलं तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा. डोळ्यांना दिसत नाही, पण नख फिरवलं तर एक बारीक पायरी लागते.

गृहस्थ सुट्टीवर आले तेव्हा मुलाला घेऊन स्वतःच न्यायला आले. फोनवर सांगितलं होतं मी डागाचं, ते म्हणाले आम्हाला काय कळणार. पोराने खोकं उघडलं आणि विमान उचललं, डाव्या हाताने, अंगठा तिथेच. धरायला दुसरी जागाच नाहीये त्या मॉडेलला. बायको आतून बशी घेऊन येत होती, मी डोळ्यांनीच म्हटलं, नुसता चहा.